‘चालेल का?’ असं विचारणाऱ्या पोराला

प्रिय मित्रा,

तू मला ताई म्हणतोस, म्हणून अरेतुरे करतेय. नाव लिहीत नाही, नाहीतर लाजून पुढचे आठ दिवस माझ्यासमोर यायचा नाहीस. हे पत्र खरं तर त्याच रात्री लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि रडायलाच आलं. तीन आठवड्यांनी पुन्हा बसलेय, आवंढा अजून तिथंच आहे.

तुला वाटेल, एवढं काय केलं मी? सिनेमा तर लावला. तेच सांगायचंय.

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, तो डीव्हीडींचा खोका तू पाहिलास तेव्हा त्याला चिकटपट्टीच जास्त होती. ‘कॅरी ऑन’चे सिनेमे, चावट इंग्रजी विनोदपट. १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत एकाच निर्मात्याने आणि एकाच दिग्दर्शकाने तीस काढले, बहुतेक सगळे पाइनवुड स्टुडिओत, कमीत कमी पैशात, ठरलेल्याच नटांना घेऊन. अण्णा १९६६ मध्ये साताऱ्याहून इथं इंग्लंडला आले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. इंग्रजी वाचता यायचं, पण वॉर्डातली माणसं काय बोलून हसतात ते कळायचं नाही. ते शिकायला म्हणून थिएटरात जायला लागले आणि जडलं ते कायमचं. आम्हाला सांगायचे, “इंग्रज वरून कडक इस्त्रीचा, आतून दादा कोंडके.”

‘कॅरी ऑन डॉक्टर’ तर त्यांचा घरचाच विषय. त्यातली हॅटी जॅक्सची मेट्रन, म्हणजे नर्सांची मुख्य, पाहून म्हणायचे, आमची मेट्रन हिच्या निम्मी होती, पण धाक दुप्पट. त्या सिनेमातल्या हॉस्पिटलची इमारत म्हणजे मेडनहेडचा टाउन हॉल. एका रविवारी आम्हाला तिथं नेलं, पायऱ्यांवर उभं करून फोटो काढला आणि साताऱ्याला आजीला पाठवला. मागे लिहिलं, ‘आमचे हॉस्पिटल’. आजीने तो देवघराशेजारी लावला आणि जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. अण्णांनी तिला कधीच खरं सांगितलं नाही.

आता पक्षाघातानंतर आणि विस्मरणानंतर त्यांचं इंग्रजी आधी गेलं. साठ वर्षांची भाषा वर्षभरात पुसली. मराठी उरली, तीही शोधून शोधून. पण गंमत बघ, सिनेमा लावला की विनोद यायच्या अर्धा क्षण आधी हसतात. शब्द गेले, त्यांची वेळ राहिली.

तुमच्याकडे यायच्या आधी ज्या वृद्धाश्रमात होते, तिथं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बोलायला गोड माणसं होती, भिंतींना फिकट पिवळा रंग, दारात ताजी फुलं. एक दिवस गेले तर खोका गायब. ऑफिसातल्या कपाटात, कुलपात. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं की या सिनेमांत वंशभेदी गोष्टी आहेत, वेगळ्या पार्श्वभूमीच्या रहिवाशांना त्रास होऊ शकतो. त्या अख्ख्या मजल्यावर वेगळ्या पार्श्वभूमीचा रहिवासी एकच होता, आणि खोका त्याचाच होता! त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुपारभर त्याच्यासमोर घरं विकत घेण्याचे कार्यक्रम चालू असायचे आणि तो भिंतीकडे बघत बसायचा.

त्यांना तरी काय बोलू? मीसुद्धा मान हलवून चहा पिऊन आले. मनातून थोडं पटलंही होतं. माझी मुलं ते सिनेमे पाच मिनिटंही बघू शकत नाहीत. मला स्वतःला त्यातलं बायकांच्या मागे धावणं, प्रत्येक नर्सकडे बघून शिट्टी मारल्यासारखं संगीत, हे नको होतं आणि आजही नकोय. आई तर त्यातल्या सिड जेम्स या नटाचं ते खॅ-खॅ हसणं सुरू झालं की उठून स्वयंपाकघरात जायची. भांडी जरा जास्तच वाजायची मग.

म्हणून तुझ्या त्या संध्याकाळीही मी दारातच थांबले होते, कोट न काढता. तू खोक्यातून नेमका ‘अप द खैबर’ काढलास. आता हा पुन्हा तोच घोळ, असं मनात आलं. १९६८ चा सिनेमा, काळ व्हिक्टोरिया राणीचा, आणि कलाबारचा हिंदुस्थानी राजा म्हणून तोंडाला तपकिरी रंग फासलेला इंग्रज नट केनेथ विल्यम्स. नावातच चावटपणा आहे, लंडनच्या बोलीत ‘खैबर पास’ म्हणजे ढुंगण. तुला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

तो राजा पडद्यावर आला. तू बघितलंस, रिमोट उचललास आणि चित्र थांबवलंस. मला वाटलं, झालं, हाही बंद करणार. तू उठलास, अण्णांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलास, तुझं तोंड त्यांच्या तोंडाच्या उंचीला आणलंस आणि म्हणालास, “आजोबा, ह्यात हे असलं आहे. आपल्या लोकांची नक्कल. चालेल का, का काढू?”

आणि मग थांबलास.

हे थांबणं मी विसरणार नाही. अण्णांना वाक्य जुळवायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. आम्ही पोरं तेवढ्यात त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो, डॉक्टर घड्याळाकडे बघतात. तुझ्या कमरेचा तो बझर दोनदा वाजला. तू तो हाताने दाबलास आणि नजर काढली नाहीस. पडद्यावर विल्यम्स नाकपुड्या फुगवून तसाच थिजलेला. अण्णांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मग म्हणाले, “रंग त्यांनी लावलाय. मी कशाला लाजू? सोड पुढं.”

वर्षभरात त्यांनी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

तुला एक गोष्ट सांगते, जी त्यांनी मला मी चौदा वर्षांची असताना सांगितली होती. हा सिनेमा आला त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, इनॉक पॉवेल या खासदाराने बर्मिंगहॅमला बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध ते भाषण केलं. दुसऱ्या दिवसापासून लॅबमध्ये चहाच्या टेबलावर अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. सिनेमा लागला तेव्हा ते एकटेच गेले, शेवटच्या रांगेत बसले. आजूबाजूचे लोक रंगवलेल्या राजाला हसत होते. अण्णा हसत होते ते सिनेमातल्या गोऱ्या स्कॉटिश पलटणीला. पलटणीचं नाव ‘थर्ड फूट अँड माउथ’. ते आम्हाला मराठीत सांगायचे, “तिसरी लाळ्या-खुरकूत पलटण!” शत्रू म्हणे या शिपायांना घाबरतो, कारण ते घागऱ्याखाली काही घालत नाहीत. मग एकाने चड्डी घातलेली सापडते आणि सगळं साम्राज्य डळमळतं. अण्णा म्हणायचे, अंधारात मला पहिल्यांदा कळलं की हे लोक स्वतःलाही हसतात, आणि मग सोमवारी मी त्या रिकाम्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली.

आणि सिनेमातली ती खैबर खिंड? वेल्समध्ये, स्नोडनच्या उतारावर चित्रित केलेली. “आंबेनळी घाटाच्या पासंगालाही पुरणार नाही,” हे दर वेळी ठरलेलं.

तुझी ड्यूटी संपली होती, तरी तू सिनेमातल्या शेवटच्या जेवणाच्या प्रसंगापर्यंत बसलास. बाहेर तोफा, छताचा गिलावा ताटात पडतोय आणि साहेब-मडमा काही झालंच नाही अशा थाटात जेवतायत. एकटा पाद्रीबुवा टेबलाखाली जायच्या बेतात. गिलावा पडायच्या आधी अर्धा क्षण अण्णा हसले. मागोमाग तू हसलास, आणि मग त्यांनी तुझ्याकडे बघितलं. जोडीदार मिळाल्यासारखं.

माणूस चांगला आहे म्हणजे काय, ते मला आताशा सांगता येत नाही. गोड बोलणारे खूप बघितले. अण्णांचा दुसरा लाडका सिनेमा ‘द लेडीकिलर्स’, १९५५ चा. त्यात पाच दरोडेखोर एका एकट्या म्हातारीला संपवायचं ठरवतात आणि एकालाही ते जमत नाही. ती काही करत नाही रे. चहा विचारते, छत्री विसरते. केटी जॉन्सन सत्तरी कधीच ओलांडलेली, त्यावर ब्रिटनमधलं उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस घेऊन गेली. तोही खोक्यात आहे, बघा दोघं मिळून. त्यात रंगवलेलं कुणी नाही, फक्त अ‍ॅलेक गिनेसचे दात तेवढे खोटे आहेत.

बाकी, डब्यात सहा थालीपिठं आहेत, सगळी अण्णांना म्हणू नकोस, चार तुझी. लसणाची चटणी वेगळी बांधलीय, त्यांना अर्धा चमचाच. मेडनहेडचा तो फोटो भावाकडून मागवलाय, शनिवारी आणते. अण्णांनी विचारलं तर ते हॉस्पिटलच आहे म्हणून सांग. आणि दुसरी डिस्क मध्येच अडकते, चष्म्याच्या कापडाने पुसून लाव.

तुझी,
ताई