मोहाच्या झाडाआडचं नेट

शहादा,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दिल्या,

परवा नेटबद्दल विचारायला तू फोन केलास आणि तो चार वेळा तुटला. शेवटी मला एवढंच कळलं, "छत्रीचं नेट घेऊ का रे भो?" म्हणजे घरावर छत्री लावून उपग्रहावरून येणारं नेट. म्हणून म्हटलं, कागदच बरा. ही चिठ्ठी धडगावच्या यष्टीच्या कंडक्टरकडे देतोय, स्टँडवरच्या चहावाल्याकडून घे. नेटची माहिती पोचवायला यष्टी लागते, यावर हसू नको.

घेऊ का, तर घे. पण छत्री विकणारा जो कागद दाखवेल, त्यावरचा 'स्पीड' बघून घेऊ नको.

थोडं मुळापासून सांगतो. तुला कंटाळा येईल, पण सेवा केंद्र उघडल्यावर पाड्यावरचे लोक तुला हेच विचारणार आहेत. रावेरची केळी दिल्लीला जाते ते डोळ्यासमोर आण. एकाच बागेचा माल दहा गाड्यांतून, दहा रस्त्यांनी निघाला, पण प्रत्येक कॅरेटवर नंबर आणि पत्ता आहे. तिकडचा दिवाणजी नंबर लावून माल उतरवून घेतो. सत्तेचाळीस नंबरचं कॅरेट आलंच नाही, तर निरोप धाडतो, तेवढं एकच पुन्हा पाठवा. नेटवरून सातबारा येतो तो अस्साच. तुकडे होऊन, नंबर लागून, आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवून.

या तुकड्यांना यायला तीन रस्ते. जमिनीखालची फायबर, मोबाइलचा टॉवर, नाहीतर आभाळ. टॉवरचं नेटसुद्धा फोनपासून टॉवरपर्यंतच हवेतून येतं, पुढे बहुतेक ठिकाणी फायबरच असते. परदेशाशी काम असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलने. आभाळाचा रस्ता सगळ्यांत लांबचा, म्हणून तो शेवटी धरायचा. तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी नेट नेण्याच्या सरकारी योजनेची, फायबर आली असेल आणि ती चालत असेल, तर हे पत्र इथेच मिटव आणि तिकडे अर्ज दे. चालत नसेल तर पुढे वाच.

वायफाय म्हणजे नेट नव्हे, हे दुकानात पाटी लावून सांग. फोनवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, त्या फक्त तुझा फोन आणि टेबलावरचा डबा (राउटर) यांच्यातल्या. डब्याला बाहेरून नेट मिळतंय की नाही, ते काड्या सांगत नाहीत. आणि कागदावर २० एमबीपीएस लिहिलं असेल तर ते सेकंदाला २० मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीची फाइल पाच सेकंदांत नाही, चाळीस सेकंदांत येणार, तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर.

आता छत्री. ती ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथे पृथ्वीभोवतीचा एक फेरा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्याइतक्याच वेळात होतो. त्यामुळे तो आपल्याला एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो आणि छत्रीचे नट एकदा पिळले की ती हलवावी लागत नाही. आपल्या इस्रोचा जीसॅट-११ घे. ५,८५४ किलोचा, डिसेंबर २०१८ मध्ये वर गेला. तो ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि तुमचं धडगावही जवळपास त्याच रेखांशावर. म्हणजे अंगणात उभं राहून नाक सरळ दक्षिणेला कर आणि मान जमिनीपासून साधारण पासष्ट अंश वर कर. तिथे तो आहे.

पण एवढ्या उंचीचं भाडं वेळात द्यावं लागतं. तुझ्या दुकानातून वर आणि वरून कंपनीच्या मोठ्या अँटेनापर्यंत खाली, हेच ७२-७३ हजार किलोमीटर झाले. उजेडाच्या वेगानेही पाव सेकंद. उत्तर परत यायला अजून पाव. म्हणजे काहीही विचारलं की अर्धा सेकंद गप्प. स्पीड १० असो की १००, हा अर्धा सेकंद कमी होत नाही. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही ना, तसंच. सिनेमा एकदा सुरू झाला की छान चालेल, मोठी फाइल उतरेल. पण व्हिडिओ कॉलवर तू आणि वहिनी एकदमच बोलाल आणि मग दोघंही एकदमच थांबाल. सरकारी साइटची पानं तर पंचवीस ठिकाणचे तुकडे मागतात, तिथे हा अर्धा सेकंद साचत जातो. फॉर्म भरताना बटण दोनदा दाबू नको. मी दाबलंय आणि पैसे दोनदा कापले गेलेत.

त्याहून मोठी अडचण ओटीपीची आणि ती कोणी सांगत नाही. छत्रीने दुकानात नेट येईल, पण ओटीपी येतो गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर, टॉवरच्या रेंजमधून. तुझ्याकडे रेंज नाही म्हणून तर तू छत्री घेतोयस! मग आधारला जोडलेल्या बोटाच्या ठशावर होणारी कामंच आधी धर. देशातला पहिला आधार नंबर आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला. आणि पंधरा वर्षांनी तू टेकडीवर चढून ओटीपीची वाट बघतोस. असो.

आता माझी चूक सांगतो. मी छत्र्या बसवायचो तेव्हाची. मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावर काम मिळालं होतं. काठी गावची होळी होऊन आठवडाच झाला होता. घराला लागून दक्षिणेला मोहाचं झाड, पण पूर्ण निष्पर्ण, नुसती फुलं गळत होती. फांद्यांमधून आभाळ लख्ख दिसत होतं. पत्र्याच्या कडेला खांब ठोकला, होकायंत्र लावलं, मीटरवर सिग्नल असा सुरेख आला की मी स्वतःवरच खूश. मालकाने पोटभर कोंबडीचा रस्सा वाढला. मृगाच्या आधी फोन आला, नेट बंद. गेलो तर मोहाला नवी पालवी फुटून झाड गच्च झालेलं, आणि माझी छत्री त्या हिरव्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. पानांत पाणी असतं रे, या लहरी त्यातच जिरतात. मी म्हटलं, दोन फांद्या तोडू. तर घरातली म्हातारी झाडाखाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "हा मला वर्षाला पोती भरून फुलं देतो. तुझी छत्री काय देते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्वतःच्या खर्चाने छत्री घराच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि दिवसभर केबल ओढत बसलो.

तेव्हा तुझ्या दारचं झाड आज कसं दिसतं त्यावर जाऊ नको, जेठात कसं दिसेल ते मनात आण. हिशोब सोपा आहे. झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्म्याहून जास्त लांब असेल तर नड नाही. सातपुड्याचा डोंगरही सहसा आड येत नाही, कारण आपण खूप वर बघतो. घात करतं ते अंगणातलंच झाड.

पावसाचं म्हणशील तर रिपरिपीत चालतं, ढगफुटीसारखा कोसळला की जातं आणि पाऊस ओसरला की आपोआप येतं. त्या वेळी छत्री हलवायला पत्र्यावर चढू नको. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी काही मिनिटं नेट जाईल, तेव्हाही घाबरू नको. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीचे डोळे दिपतात. चार-आठ दिवसांत थांबतं. लाइटचं मात्र बघ. लाइट गेली की आतला डबा बंद, मग आभाळ कितीही मोकळं असो. छोटा इन्व्हर्टर यातच धर. आणि प्लॅनमध्ये महिन्याला किती जीबी आणि ते संपल्यावर स्पीड किती, हे लिहून घे. वायफायचा पासवर्ड पोरांना दिलास तर त्यांच्या फोनचे अपडेटच निम्मा डेटा खातील.

हल्ली बोललं जातं ते 'नवीनवालं', स्टारलिंकसारखं, वेगळं. ते उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून अर्ध्या सेकंदाचं दुखणं तिथे जवळपास नाही. पण ते टांगलेले राहत नाहीत, दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीला फेरा मारतात. म्हणून ते हजारोंनी लागतात आणि छत्री एकामागून दुसरा पकडत बसते. तिला नुसती दक्षिण पुरत नाही, चारी बाजूंनी आभाळ मोकळं लागतं. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात नंदुरबारचं नाव आहे. पण इरादापत्र म्हणजे साखरपुडा, वरात दारात आली असं नाही. त्या नावावर कोणी तुझ्याकडे आगाऊ पैसे मागितले तर चहा पाज आणि वाटेला लाव.

आता एवढं कर. दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली उत्तरेकडे पडली की दुकानामागे उभा राहा, दक्षिणेच्या आभाळाचे दोन-तीन फोटो काढ आणि धडगावला उतरशील तेव्हा मला पाठव. पत्र्याची उंची आणि झाडाचं अंतर पावलांनी मोजून लिही. संक्रांतीनंतरच्या रविवारी मीच येतो. पाना-मीटर माझ्याकडे आहे, दोन इंची लोखंडी पाइप आणि सिमेंटची अर्धी गोणी तू आणून ठेव. वहिनींना सांग, कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की पुरे, रश्श्याचा घाट नको.

तुझाच,
सुन्या