पिवळी शाई संपली म्हणून काळी आरती अडली

प्रति, कस्टमर केअर
विषय: ३,४९९ चा प्रिंटर आणि त्याने वर्षभरात प्यायलेली शाई

नमस्कार,

डिचोलीहून लिहितोय. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर म्हापशातल्या दुकानातून तुमचा कलर प्रिंटर घेतला. पोरीचे प्रोजेक्ट नी बायकोच्या ट्युशनच्या वर्कशीट, एवढंच काम. स्वस्त होता खरा, घरी आणेपर्यंत.

बायको ट्युशनच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून ठेवते म्हणून आकडे तरी हातात आहेत. काळं कार्ट्रिज ७८० चं, चार झाली. कलर १,०५० चं, तीन झाली. म्हणजे ६,२७० ची नुसती शाई, आणि पाचशे कागदांच्या रिममधले नव्वद अजून शिल्लक आहेत, करा हिशोब, पानाला १५ रुपये पडले! नाक्यावरचा झेरॉक्सवाला ५ घेतो आणि वर पिनपण मारून देतो.

कार्ट्रिजच्या बॉक्सवर १८० पानं लिहिलंय. कस्टमर केअरची मॅडम म्हणाली ते आयएसओ २४७११ (कार्ट्रिजमधून किती पानं निघतात ते मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे मोजलेलं असतं. असेल, पण ती टेस्ट सलग पानं काढून करतात ना? आमच्याकडे आठवड्याला सात-आठ पानं निघतात, आणि पावसात दिवसातून तीनदा लाइट जाते, परत आली की तुमचा प्रिंटर घर्रर्र घर्रर्र करत आपलं डोकं, म्हणजे शाई सोडणारा प्रिंटहेड, साफ करत बसतो. ती शाई कागदावर येतच नाही, आत स्पंज आहे त्यात जाते, आणि तो स्पंज भरला की मशीन बंद पडतं हे मला सर्विस सेंटरवाल्याने सांगितलं, तुम्ही नाही.

आता मेन गोष्ट. गणेश चवथीच्या आदल्या रात्री माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधून झाली, साडेदहाला आरत्यांचे कागद काढायला बसलो, वाड्यावर आरतीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवणाऱ्या पोरांसाठी पंधरा प्रती. नुसती काळी अक्षरं. तर म्हणे कलर संपला, बदला. तीन रंग एकाच डबीत कोंबलेत, पिवळा संपला की बाकीचे दोन असले तरी डबी कचऱ्यात, ते एक वेळ सोडा, पण काळ्या आरतीत पिवळं काय असतं हो? रात्री कुठलं दुकान उघडं? शेवटी फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले. घुमटाला दोन्ही हात लागतात, म्हणून मोबाइल समईला टेकवून ठेवले, आणि दर कडव्याला कुणाचीतरी स्क्रीन काळी.

मग २०० रुपयांत रिफिल करून आणलं, महिनाभर मस्त चाललं, एका सकाळी आपोआप अपडेट आला आणि प्रिंटर म्हणतो हे कार्ट्रिज चालणार नाही. विकत घेतलेल्या मशीनमध्ये मला न विचारता कुलूप लावायचं हा कुठला न्याय?

तर कलर रिकामा असला तरी काळी प्रिंट निघाली पाहिजे, आणि तो अपडेट काढून द्या. नाहीतर प्रिंटर परत घ्या, पैसे द्या. आणि किमतीच्या शेजारी बॉक्सवर पानाचा खर्च रुपयात छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

१५ दिवस थांबतो, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार. बिलं नी वहीच्या पानाचा फोटो जोडलाय, फोटोच, कारण स्कॅनरपण शाई मागतो. एक बिल पावसात भिजलंय पण आकडा वाचता येतो.

तुमचा ग्राहक, डिचोली