जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी अ‍ॅक्सेसची फाइल उघडून पाहा

संपादक महोदय,

विंडोज १० साठीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि जुने संगणक बदलण्याची घाई सुरू झाली. पतसंस्था, वाचनालये, सोसायट्या यांच्याकडे सभासदांच्या नि ठेवींच्या नोंदी बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमच्या एमडीबी फाइलमध्ये असतात. ती पेनड्राइव्हवर घेतली म्हणजे काम झाले, असे कृपया समजू नका.

अ‍ॅक्सेस ९७ मध्ये बनवलेली फाइल अ‍ॅक्सेस २०१३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत उघडतच नाही. फाइल जुन्या आवृत्तीतली आहे असा संदेश येतो आणि लोक ती बिघडली म्हणून सोडून देतात. ती शाबूत असते. २००७ किंवा २०१० चे अ‍ॅक्सेस असलेल्या यंत्रावर ती उघडून एसीसीडीबी या अ‍ॅक्सेसच्या नव्या स्वरूपात सेव्ह केली की नव्या यंत्रावर चालते. म्हणून असे एखादे यंत्र हाताशी असेल तर ते सर्वांत शेवटी भंगारात द्या. अ‍ॅक्सेस २००० ते २००३ च्या एमडीबी फाइली मात्र आजही थेट उघडतात. प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे नाव-पासवर्ड असेल, तर ती नावे-पासवर्ड ठेवणारी सोबतची एमडीडब्ल्यू फाइलही घ्या. ती सुरक्षा एसीसीडीबीत राहत नाही.

सर्वांत मोठे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. पुष्कळ ठिकाणी फॉर्म आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये, तर खरा डेटा दुसऱ्या फाइलमध्ये ठेवलेला असतो. डेस्कटॉपवरची फाइल कॉपी होते, डेटा जुन्या डिस्कवरच राहतो. डावीकडच्या यादीत टेबलाच्या चिन्हाशेजारी छोटा बाण दिसला, तर ते टेबल दुसरीकडून जोडलेले आहे. त्यावर माउस नेला की मूळ फाइलचा पत्ता दिसतो. ती फाइलही घ्या आणि नव्या यंत्रावर ‘लिंक्ड टेबल मॅनेजर’मधून नवा पत्ता द्या.

कॉपी करण्याआधी सर्वांनी अ‍ॅक्सेस बंद करावे. त्याच फोल्डरमध्ये एलडीबी किंवा एलएसीसीडीबी फाइल दिसत असेल, तर बहुधा कोणीतरी अजून आत आहे. तशा वेळी केलेली प्रत अर्धवट निघू शकते.

नवी फाइल बनवताना अ‍ॅक्सेस आधी नाव आणि जागा विचारते. तिथे नुसते ‘क्रिएट’ दाबले, तर ‘डेटाबेस१’ नावाची फाइल डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसते आणि पुढे सापडत नाही. शिवाय इथे वर्डसारखे ‘सेव्ह न करता बंद करा’ चालत नाही. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलात की नोंद डिस्कवर गेलीच. ओळीच्या डाव्या टोकाला पेन्सिल दिसते तोवरच एस्केप दाबून बदल मागे घेता येतो. त्यामुळे मूळ फाइलवर प्रयोग करू नयेत, प्रतीवर करावेत.

एक शेवटची गोष्ट. अ‍ॅक्सेस ९७ ला युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-पद्धत, येत नव्हते, त्यामुळे त्या काळची मराठी नावे विशिष्ट फॉन्टमध्ये टंकलेली असतात. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की नावांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करायला त्या फॉन्टचे नेमके नाव लागते. जुने यंत्र बंद करण्याआधी फॉर्म डिझाइनमध्ये उघडा, प्रॉपर्टीजमधले फॉन्टचे नाव कागदावर लिहून ठेवा आणि फॉन्टची फाइलही सोबत घ्या.

— डेटाबेसचे काम करणारा एक वाचक, सातारा