विल्या, तू म्हणाला तेच झालं

प्रिय विलास,

दोन पोळे गेले, मी तुला एक फोन केला नाही. तूही केला नाही, पण तुझं बरोबर होतं. इकडं सगळे ठीक. माझी शुगर काठावर आहे, सुनीता बरी आहे. तुझी बदली झाली म्हणे. सोनूच्या नीट परीक्षेचं काय झालं ते कळव.

बाबांबद्दल लिहितो आहे. यंदा पोळा फुटल्यावर मारुतीच्या देवळासमोर पंगत होती. बाबा पानावर बसलेच नाहीत. मला हळूच म्हणाले, "गजा, मले खुर्ची आण. खाली बसलो तं उठता येनार नाई." अरे, धुऱ्यावर उकिडवा बसून भाकर खाणारा माणूस हा! जेवण झालं आणि ते उठायला लागले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले, पुढं झुकले, मागं आले. परत झुकले, परत मागं. तिसऱ्या खेपेला शेजारच्या पोराचा खांदा धरला तेव्हा कुठं उभे झाले. समोर तोरणाखाली लोकांच्या बैलजोड्या होत्या. त्यांनी तिकडं पाहिलं नाही.

मला तिथंच तू आठवला. तुझ्या ओट्यावर तू म्हटलं होतं, "वावर ठेक्यानं दे, पण बैलं नको विकू. बैलं गेली का म्हातारा बसला समज." आणि मी काय बोललो? "तुझा बाप वावरात राबता राबता गेला, तू मले शिकवू नको." ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही कळत नाही. काकांनी मला स्वतःच्या बंडीत बसवून दारव्ह्याला परीक्षेला नेलं होतं. मला माफ कर. हे फोनवर बोलणं जमलं नसतं, म्हणून कागद घेतला.

मी बाबांना बसवलं ते प्रेमानंच ना! जोडी विकली, कोठ्यात मोटरसायकल ठेवली, नळ घरात घेतला, हॉलमध्ये त्यांची खुर्ची, खुर्चीशेजारी पाण्याची बाटली, समोर टीव्ही, हातात मोबाईल. आपल्याकडं बाप बसून खातो हीच पोराची इज्जत. लोक म्हणत, "गजानं बापाले सुखात ठेवलं," आणि मला बरं वाटे. त्या सुखानंच त्यांच्या मांड्या गेल्या.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी छाती तपासली, ती चांगली निघाली. मग त्यांनी एक साधी खुर्ची ठेवली. हातांची छातीवर घडी करायची आणि 30 सेकंदांत किती वेळा पुरतं उभं राहता येतं ते मोजायचं. 70 ते 74 वयाच्या पुरुषाचे 12 च्या खाली भरले तर तो पडायचा धोका धरतात. बाबांचे 7 भरले. बाई म्हणाल्या, औषध लिहिण्यासारखं काही नाही, बसणं तोडा.

तेव्हापासून मी रात्री हेच वाचत बसतो, म्हणजे उभ्यानं वाचतो. यात तुझ्या धंद्याची गोष्ट सापडली. 1953 साली जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. बस तीच, रस्ता तोच. एक दिवसभर बसलेला, दुसरा जिना चढून-उतरून तिकिटं देणारा. हृदयाचा आजार ड्रायव्हरांत जास्त निघाला. कंडक्टरांना झाला तरी उशिरा आणि सौम्य. पुढं त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापंही पाहिली, तर ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या. म्हणून गर्दीत शिरून तिकिटं काढावी लागतात याची कुरकूर बंद कर. ती गर्दीच तुझी दवाई आहे.

दुसरा अभ्यास 2012 चा, ऑस्ट्रेलियातला. वजन जास्त असलेल्या 19 जणांना बसवून ठेवलं आणि दर 20 मिनिटांनी फक्त दोन मिनिटं चालवलं, तेही सावकाश, ताशी 3 किलोमीटरच्या आसपास. आपण बंडीमागं चालायचो तसं समज. तेवढ्यानं खाण्यानंतरची साखर सुमारे 24 टक्के कमी चढली. आणि पूर्वी सलग 10 मिनिटं चाललं तरच ते व्यायामात धरत. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती अट काढून टाकली. बाबांच्या दृष्टीनं हे मोठं आहे, कारण ते "फिरायला" जात नाहीत. "बिनकामाचा चालतो तो येडा," म्हणतात.

खरी अडचण तीच आहे, विल्या. पाय चालतील, पण उठायचं कशासाठी? आधी ढोरं ओरडली की उठावं लागे. कोणी पाणी मागायचं, कोणी सुटायचं. आता टीव्ही काही मागत नाही.

मी बाटली उचलली आणि माठ मागच्या पडवीत नेला. मोबाईलचा चार्जर कोठ्यात लावला. सुनीताला हे पटत नाही, ताई फोनवर रडली, "म्हाताऱ्याले तहानेनं उठवतो का रे?" माझाही जीव तुटतो. ते माठाकडं निघाले की मी दारामागं उभा राहून पावलं ऐकतो. शेळीची एक पाठ आणली आहे, काळी, कानाला पांढरा ठिपका असलेली. तिला पाला आणायला ते न सांगता उठतात, दिवसातून सहा-सात वेळा. संध्याकाळी तिला घेऊन नाल्यावरच्या रपट्यापर्यंत जातात. काल खुर्चीवर मोजले, 9 भरले. मला हिशेब लागला की मी कोणाला तरी सांगायला फिरलो, आणि सांगावं असा तूच होता.

उन्हाळ्याचं भय आहे. मे महिन्यात 45 अंशांत त्यांना बाहेर काढता येणार नाही, पहाटेचंच काहीतरी बसवावं लागेल. त्याआधी पायात जोर यायला हवा.

दसऱ्याला सोनं द्यायला ये. फाट्यावर उतर. मी गाडी घेऊन येणार नाही. बाबा पाठीला घेऊन रपट्यावर थांबतील. तुझं नाव घेतलं तेव्हा म्हणाले, "त्याले सांग, मी घ्याले येतो."

तुझा,
गजा