नुसत्या जाड जॅकेटने भागत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

थंडीतल्या डोंगर भटकंतीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो झकास होते, पण कपड्यांबद्दल सगळ्या लेखात एकच वाक्य, की चांगलं जाडजूड जॅकेट घ्या म्हणून, आणि तेवढं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. जाड जॅकेट एका जागी बसून राहायला मस्त, चढायला अजिबात नाही. चढ लागला की थोड्याच वेळात माणूस आतून चिंब होतो, मग कंटाळून जॅकेट काढतो, आणि नेमका धारेवर पोचला की वारा लागतो आणि ओला बनियन पाठीला चिकटून अशी हुडहुडी भरते की विचारू नका.

वाऱ्याचं गणित लोकांना खरंच माहीत नसतं. हवा ५ अंश असेल आणि वारा ताशी ४० किलोमीटर, तर उघड्या कातडीला ते उणे १ सारखं लागतं. त्यात दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंश कमी होतात, म्हणजे पायथ्याशी बघून घातलेले कपडे वर पुरतीलच असं नाही.

म्हणून पातळ पातळ थर. अंगालगत सुती काही नको, जीन्स तर नकोच नको, सुती कापड घाम पिऊन बसतं आणि तासन् तास वाळत नाही. पॉलिस्टरचं थर्मल पटकन वाळतं (वास मारतं, पण चालायचंच), मेरिनो लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. त्यावर फ्लीस (मऊ, लवदार पॉलिस्टर कापडाचं उबदार जॅकेट) किंवा लोकरी स्वेटर. आता इथेच गंमत आहे, फ्लीस तोंडाला लावून जोरात फुंकर मारून बघा, हवा आरपार जाते! फ्लीसची सगळी ऊब त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची, आणि वारा ती हवाच पळवून नेतो, मग कितीही जाड फ्लीस घाला, उघड्या धारेवर ते जाळीच. त्यावर मुठीत मावेल एवढा पातळ नायलॉनचा विंडचीटर चढवला की तेच फ्लीस एकदम कामाला लागतं. माझ्या मते सॅकमधली सगळ्यात कामाची वस्तू हीच, आणि लेखात तिचं नावसुद्धा नाही.

लोक म्हणतील रेनकोट आहे की. आहे, पाऊस किंवा बर्फ असेल तेव्हा तोच हवा, अगदी गोअरटेक्सवालं (पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचं) जॅकेटही वारा पूर्ण अडवतं, पण कोरड्या हवेत चालताना घामाची वाफ त्यापेक्षा साध्या विंडचीटरमधून जास्त सहज बाहेर पडते. घेताना हूड आहे का, मनगटाला इलॅस्टिक आहे का आणि चेन हनुवटीपर्यंत येते का एवढं बघा, वारा गळ्यातून आणि बाह्यांतूनच घुसतो. आणि आत फ्लीस घालूनच मापाला बघा, नाहीतर हात वर केला की कंबर उघडी.

पिसांचं फुगीर जॅकेट थांब्यासाठी ठेवा, चालताना घालू नका, पिसं ओली झाली की चपटी होतात आणि ऊब संपली. थांबल्या थांबल्या, थंडी वाजायच्या आधीच ते सगळ्यावरून चढवायचं आणि निघताना काढायचं, पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटलं तर ठीकच आहे. कानटोपी खिशात असू द्या, पण अर्धी ऊब डोक्यातून जाते वगैरे जे सांगतात ते खरं नाही, डोक्यातून साधारण दहा टक्केच जाते. बोटं फार गारठत असतील तर पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात ते मोजे बरे. पायात मात्र दोन दोन जाड मोजे कोंबू नका, बूट आवळला की पाय उलट जास्त गार पडतात.

पुढच्या वेळी फोटो थोडा छोटा करून एवढं एका चौकटीत बसवता आलं तर बघा.

आपला,
एक नेहमीचा वाचक