सीलबंद कार्ट्रिजला लागलेलं कुलूप

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

बार्शीत तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, वीस वर्षं होऊन गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी इंकजेट प्रिंटरची कार्ट्रिजं, म्हणजे शाईच्या डब्या, रिफिल करून देतोय. म्हणून, शाई चांगली असताना केवळ तारीख गेली म्हणून प्रिंटर कार्ट्रिज चालवतच नाही, या विषयावर लिहायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो. पत्र लांबलं तर कापा पण विषय छापा ही विनंती, कारण प्रिंटर आता घरोघरी आलेत आणि हा त्रास फक्त दुकानदाराचा राहिलेला नाही.

गेल्या महिन्यात जवळच्या एका गावच्या शाळेतले गुरुजी आले, सोबत शाळेचा प्रिंटर, हातात पिशवी, पिशवीत चार कार्ट्रिजं. सगळी ओरिजनल, बॉक्ससकट, तोडलेल्या सीलच्या पट्ट्यासुद्धा जपलेल्या. शाळेला लोकवर्गणीतून कलर प्रिंटर घेतलेला, चार रंगांची वेगवेगळी कार्ट्रिजं लागणारा, आणि ती बार्शीत लगेच मिळत नाहीत म्हणून गुरुजी २०२२ ला पुण्याला गेले तेव्हा एकदम दोन सेट घेऊन आले होते. एक सेट लावला, तो जपून जपून वापरला, दुसरा कपाटात ठेवला. आता जुन्या सेटमधलं काळं संपलं म्हणून नवीन काळं बसवलं तर स्क्रीनवर आलं की कार्ट्रिज एक्स्पायर झालंय, बदला. बाकीची तीन लावून बघितली, तेच. गुरुजी मला म्हणाले, "भाऊ, सील तोडून पंधरा मिनिटं नाही झाली हो, आणि हे म्हणतंय मुदत संपली. औषध आहे का हे?"

कंपनीचं नाव मी घेत नाही. कस्टमर केअरला मीच फोन लावून दिला. तिकडची मुलगी नम्रपणे बोलली पण उत्तर एकच, सर डेट गेलीय, नवीन घ्यावं लागेल. बदलून मिळेल का विचारलं तर बिलाची वॉरंटी संपलेली. चार कार्ट्रिजांचे पैसे म्हणजे शाळेच्या हिशोबात लहान रक्कम नाही, वर्गणी देणाऱ्या पालकांना गुरुजींनी काय सांगायचं.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण सगळ्या पत्रातला महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. या कार्ट्रिजवर नखाएवढी एक चिप चिकटवलेली असते. त्या मॉडेलची एक नवी चिप माझ्याकडे पडून होती, काळ्याची. जुनी चिप ब्लेडने अलगद काढली, नवीन बसवली, शाईला हातसुद्धा लावला नाही. तेच कार्ट्रिज, तीच शाई, तोच प्रिंटर. टेस्ट प्रिंट काढली, एक रेघ तुटली नाही. गुरुजींनी तिथंच चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढून घेतल्या, अक्षर एकदम काळंभोर. म्हणजे शाई खराब झालेलीच नव्हती, चिपमध्ये लिहिलेली तारीख तेवढी गेली होती आणि प्रिंटर फक्त तारीख वाचत होता.

लोकांना वाटतं प्रिंटर आतली शाई बघतो. बहुतेक वेळा तसं काही नसतं. किती थेंब सोडले याचा तो हिशोब ठेवतो आणि त्यावरून अंदाज करून सांगतो की आता संपत आली. मी कितीतरी "एम्प्टी" कार्ट्रिजं हलवून बघितलीत, आत शाई डुचमळताना हाताला कळते. थोडी शाई शिल्लक ठेवण्यामागे खरं कारणही आहे, ते मी नाकारत नाही, ज्या कार्ट्रिजात हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, असतं तिथं बारीक हीटर शाई तापवतो, बुडबुडा होतो आणि त्या धक्क्याने थेंब कागदावर पडतो, शाईच नसताना तो हीटर चालू राहिला तर जळून जातो. पण म्हणून इशारा द्या ना. कॅननच्या बऱ्याच प्रिंटरात स्टॉपचं बटन पाच सेकंद दाबून धरलं की तो इशारा मागं टाकून पुढं प्रिंट काढता येते, जबाबदारी तुमची. हे मला पटतं. मालकाला सांगितलं, मालकाने ठरवलं. गुरुजींच्या प्रिंटरात असं दाबायला बटनच नव्हतं, तिथं सरळ दार बंद.

आता कंपन्यांची बाजूही लिहितो. शाईत मुख्य पाणी असतं, बाकी रंग आणि ग्लायकॉलसारखी द्रव्यं जी शाई वाळू देत नाहीत. वर्षानुवर्षं पडून राहिली तर पाणी उडतं, शाई घट्ट होते, हेडचं नोझल, म्हणजे शाई बाहेर यायचं बारीक भोक, चोक होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या प्रिंटरचं हेड मे महिन्यात कसं वाळतं ते मी दरवर्षी बघतो, कोमट पाण्यात टिश्यू भिजवून त्यावर हेड ठेवत बसावं लागतं. तेव्हा तारखेला काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. पण सोलापूरच्या उन्हात उघडं पडलेलं कार्ट्रिज आणि कपाटात सीलबंद ठेवलेलं कार्ट्रिज यांची शाई एकाच दिवशी खराब होते का? चिपला दोन्ही सारखीच. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते ती खाणाऱ्याच्या पोटासाठी, गोळ्यांवर असते ती जिवासाठी. शाईने फार तर एक कागद फिका येईल, नाहीतर माझा स्वतःचा प्रिंटर बिघडेल, आणि तो धोका घ्यायचा की नाही ते मी ठरवीन. बॉक्सवर तारीख छापा, स्क्रीनवर लाल अक्षरात दाखवा, वॉरंटी मिळणार नाही म्हणा. पण मी पैसे देऊन घेतलेल्या शाईला आतून कुलूप घालू नका, माझं म्हणणं एवढंच आहे.

हे कुलूप आजचं नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही. काही मॉडेलांची कार्ट्रिजं ठरलेल्या तारखेला चिप बंद पाडते म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा कौंटीच्या कोर्टात २००५ सालीच एचपीवर दावा झाला होता. नंतर १३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या ऑफिसजेट प्रो जातीच्या खूप प्रिंटरांनी एकदमच दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजं घ्यायचं बंद केलं, आदल्या दिवशीपर्यंत चालणारी. फर्मवेअर म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटमधून ही बंदी आधीच आत गेलेली होती. त्या प्रकरणात कंपनीने १५ लाख डॉलरची तडजोड केली, आणि इटलीच्या स्पर्धा आयोगाने असल्याच गोष्टींसाठी डिसेंबर २०२० मध्ये १ कोटी युरोचा दंड लावला, ग्राहकाला नीट सांगितलं नाही म्हणून. माझ्या गिऱ्हाइकांना मी म्हणूनच सांगतो की प्रिंटर चांगला चाललाय ना, मग स्क्रीनवर अपडेट करू का आलं की घाईने ओके दाबू नका.

सगळ्यात बोलकी गोष्ट २०२२ च्या सुरवातीची. कोरोनानंतर जगभर चिपचा तुटवडा झाला तेव्हा कॅननला ऑफिसच्या मोठ्या मशिनांच्या टोनर (शाईऐवजी वापरायची पावडर) कार्ट्रिजसाठी चिपा मिळेनात. मग बिनचिपची टोनर बाजारात आली, मशिनं त्यांना परकं समजून तक्रार करायला लागली, आणि कॅननच्या जर्मनीच्या ऑफिसने स्वतःच ग्राहकांना सांगितलं की हा मेसेज असा असा बंद करा आणि प्रिंट काढा, छपाईच्या दर्जात फरक पडत नाही, फक्त टोनर किती उरलंय ते बरोबर दिसेलच असं नाही. ते टोनर, शाई नव्हे, पण चिपची गोष्ट तीच. कंपनीची अडचण झाली तेव्हा चिपशिवाय चालतं, गुरुजींची अडचण झाली तेव्हा का नाही चालत?

रिफिलवाल्याला लोक चोर समजतात, डुप्लिकेटवाला म्हणतात, त्याचं फार वाईट वाटतं. मी काय करतो? काळ्या कार्ट्रिजवरचा स्टिकर सोलतो, खाली बारीक भोक असतं, त्यातून सिरिंजची सुई स्पंजमध्ये हळूहळू उतरवतो, शाई वर यायला लागली की थांबतो, पुसतो, हेड टिश्यूवर टेकवून काळी पट्टी सलग उमटते का बघतो. कलरला तीन भोकं, कुठल्या भोकात कुठला रंग ते आधी काडी घालून तपासतो कारण निळ्यात पिवळा गेला तर ते कार्ट्रिज बाद. रिफिल केलेलं कार्ट्रिज मी कधी ओरिजनल म्हणून विकलेलं नाही, आणि पाच-सहा वेळा भरून झालं की हेड थकतं हेही सांगतो. जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजला कोणी चोर म्हणत नाही. हे गॅरेजचं उदाहरण माझं नाही बरं का, ३० मे २०१७ ला लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या कार्ट्रिज प्रकरणात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला त्यात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाचाच दाखला दिलाय. रिकामी कार्ट्रिजं गोळा करून भरून विकणाऱ्या एका छोट्या कंपनीवर लेक्समार्कने पेटंटचा दावा लावला होता, कोर्ट म्हणालं की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा तुमचा पेटंटचा हक्क संपला. तो निकाल आपल्याकडं लागू होत नाही हे मला माहितीये, आणि त्या निकालाने चिपवरची कुलपंही निघाली नाहीत, पण विचार किती सरळ आहे बघा.

शिवाय आज दुकानादुकानात जे टाकीवाले प्रिंटर दिसतात, बाटलीतून शाई ओतायचे, ते आले कुठून? आम्ही लोकांनी आधी प्रिंटरच्या बाजूला बाहेर टाक्या लावून, नळ्या आत ओढून चालवलेच होते की, आशियात सगळीकडं चालायचे. मग एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियापासून सुरवात करून स्वतःचे टाकीवाले प्रिंटर काढले, मागून कॅनन, एचपीही आले. आता ६५-७० मिलीची बाटली तीन-चारशे रुपयांना मिळते, आणि घरगुती प्रिंटरच्या छोट्या काळ्या कार्ट्रिजात दहा मिलीपेक्षा कमी शाई असते तरी ते सात-आठशेच्या खाली येत नाही. शाई महाग पडते म्हणून किंमत जास्त, हे मग कसं मानायचं. हां, टाकीवाल्यातही एक गोम आहे, आतलं वेस्ट इंक पॅड. हेड साफ करताना सांडलेली शाई शोषणारा साधा नमदा तो, पण हिशोबाचा आकडा पूर्ण झाला की कित्येक मॉडेलं ठप्प होतात आणि तो आकडा शून्यावर आणायला रिसेटचं सॉफ्टवेअर लागतं. नमदा दोन-तीनशेत बदलून होतो, कुलूप उघडायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

अजून एक बघा. पत्र लिहिताना माझ्यासमोर दोन बॉक्स आहेत, दोन्हीवर नेट क्वांटिटी म्हणून लिहिलंय १ नग. तेल लिटरवर, दूध लिटरवर, फिनाईलसुद्धा लिटरवर, आणि शाई मात्र नगावर. पॅकबंद मालाच्या वजनमापाचे नियम आपल्याकडं २०११ पासून आहेत, त्यात कार्ट्रिजवर किती मिली शाई आहे ते ठळक छापायला लावणं अवघड का असावं? त्याच्याच शेजारी छापा की या तारखेनंतर प्रिंटर हे कार्ट्रिज चालवणार नाही. मग गुरुजींनी दोन सेट घेतलेच नसते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, २४ डिसेंबरला ग्राहक दिनी त्याचं पोर्टलही सुरू केलं, मोबाईल, गाड्या, शेतीची अवजारं, घरातली उपकरणं सगळं त्यात घ्यायचं ठरलं. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे फक्त स्पेअर पार्ट मिळणं नव्हे, सॉफ्टवेअरने घातलेलं कुलूप काढायची सोयसुद्धा त्यातच आली पाहिजे, आणि प्रिंटर त्यात नावानिशी आला पाहिजे. ई-कचऱ्याच्या नियमात प्रिंटर कार्ट्रिजसकट धरलाय, म्हणजे फेकलेलं कार्ट्रिज हा कचरा आहे हे सरकारला मान्य आहे, मग भरलेलं कार्ट्रिज फेकायला लावणाऱ्याला काहीतरी विचारायला हवं. ज्यांच्यावर गुरुजींसारखी वेळ आली असेल त्यांनी बिल आणि स्क्रीनचा फोटो जपून ठेवावा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवावी. एकाच्या तक्रारीने काही होणार नाही पण शंभरांनी केल्या तर मंत्रालयात फाईल तरी तयार होईल. गुरुजींची तक्रार मी माझ्याच दुकानातून भरून दिलीय.

गुरुजींची निळी, गुलाबी आणि पिवळी अजून माझ्या टेबलावर आहेत, सीलच्या पट्ट्यांसकट. पुण्याला तीन चिपा सांगितल्यात, आल्या की बसवून देतो, शाळेच्या गॅदरिंगची रंगीत आमंत्रणं त्याच शाईत निघतील.

आपला,
एक रिफिलवाला, बार्शी (जि. सोलापूर)