चाव्या पाठवल्या म्हणून सुटका होत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील गृहकर्जावरचा लेख वाचला. ‘अमेरिकेत माणसे घराच्या चाव्या पाकिटात घालून बँकेला पाठवतात आणि मोकळी होतात’ असे त्यात म्हटले आहे. 2008च्या मंदीत आम्ही अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये राहत होतो. या प्रकाराला तिकडे ‘जिंगल मेल’ म्हणत, पाकिटात चाव्या खुळखुळतात म्हणून. पण ‘मोकळी होतात’ हे काही पटले नाही.

आमच्या शेजाऱ्यांचेच सांगते. घर 2006चे, म्हणजे ऐन तेजीतले. तीन वर्षांत त्या भागातले भाव निम्म्यावर आले आणि घरापेक्षा कर्ज कितीतरी मोठे झाले. एका शनिवारी दोघे नवराबायको भाड्याच्या ट्रकात सामान भरून निघून गेली. चाव्या बँकेला पोस्टाने. आता, चाव्या पोचल्या म्हणून मालकी बँकेकडे जात नाही. नोटीस लागल्यावर लिलावाला निदान 90 दिवस लागतात, आणि त्या काळात बँकांकडे इतकी घरे साचली होती की महिनोन्महिने कोणी फिरकत नसे. तोवर मालमत्ता कर आणि सोसायटीची वर्गणी जुन्या मालकाच्याच नावावर चढत राहते. वीज तोडली तसा मागच्या पोहण्याच्या तलावाचा पंप बंद पडला. पाणी हिरवेगार, वर शेवाळाची साय, आणि डास सगळे आमच्या अंगणात. (आमचे गवत जरा वाढले की सोसायटीची नोटीस मात्र वेळेवर यायची!) शिवाय पतअहवालावरचा डाग सात वर्षे राहतो. भाड्याने घर घ्यायला गेले तरी मालक आधी तोच अहवाल मागतो.

या लोकांना कर्जबुडवे म्हणणेही मला अन्यायाचे वाटते. राहत्या घराचा लिलाव झाल्यावर उरलेल्या रकमेसाठी कर्जदाराच्या पगारामागे लागायचे नाही, असा अ‍ॅरिझोनाचा कायदाच आहे. कर्ज देताना बँकेला तो ठाऊक होता. तरी नीतीचे धडे कर्जदारालाच! डिसेंबर 2009मध्ये तिथल्या मॉर्गेज बँकर्स असोसिएशनचे, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्यांच्या संघटनेचे, प्रमुख विचारत होते की, हप्ते सोडून देणारे लोक आपल्या मुलाबाळांना काय संदेश देणार? त्याच महिन्यात मॉर्गन स्टॅन्ली ही बडी बँक सॅन फ्रान्सिस्कोतल्या पाच इमारती कर्ज देणाऱ्यांच्या हवाली करायला निघाली होती. तिचा मात्र तो व्यवहार. आणि फेब्रुवारी 2010मध्ये खुद्द या असोसिएशनने वॉशिंग्टनमधले आपले 7 कोटी 90 लाख डॉलरचे मुख्यालय 4 कोटी 13 लाखांना फुंकून टाकले.

हे लिहायचे कारण माझी भाची. बिल्डरने रखडवलेल्या फ्लॅटचा हप्ता आणि राहत्या जागेचे भाडे, दोन्ही ती भरते आहे. आपला लेख वाचून तिचा फोन आला, ‘मावशी, मीपण सोडून देऊ का गं?’ आपल्याकडे कर्जवसुलीच्या 2002च्या सरफेसी कायद्याने 60 दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव होतो. पण लिलावात कर्ज फिटले नाही तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या मानगुटीवर कायमच, आणि जामीनदाराच्याही. तिला जामीन तिचे वडील आहेत, निवृत्त शिक्षक. लेखाच्या पुढच्या भागात एवढे तरी ठळक छापावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक